तीन पंखे, एक खोली

सकाळी ७.३०
पावस, मे महिना. बाजारातल्या चिऱ्याच्या घराची पुढची खोली म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दुकानदार तिशीतला. पिशवीत अवजारं भरतोय : चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर, ब्लोअर, रंगाचा जुना ब्रश, केबल टाय. स्क्रूंची डबी मात्र दोनदा तपासतो. कॉम्प्युटरच्या रेडिएटरला पंखा लावताना स्क्रू जरा लांब झाला, तर आतली पाण्याची नळी फुटते. तीन-चार मिलिमीटरच्या चुकीत अख्खा रेडिएटर जातो.

९.००
मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पंखे कुरियरने निघालेत. घरपोच यायला दोन दिवस लागले असते, म्हणून तो स्वतःच ते घ्यायला रत्नागिरीला जातो. गोळप, फणसोप, भाट्याचा पूल. जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर, पेट्रोल शंभराचं. रस्त्यात आंब्याच्या पेट्यांचे टेम्पो.

११.१५
गिऱ्हाइकाचं घर वाडीत, कलमांच्या बागेला लागून. गिऱ्हाइक म्हणजे घरातला मुलगा. तो पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून व्हिडिओ जोडतो आणि त्यावर स्वतःच्या आवाजात निवेदनही करतो. मशीन पाण्यावर थंड होणारं, वर तीन पंख्यांचा लांब रेडिएटर. पंख्यांची घरघर माइकमध्ये उतरते, ही तक्रार.

"छताचा पंखा चालू असला की कळत नाही हो दादा. रेकॉर्डिंगला तो बंद करतो, तेव्हा हेच ऐकू येतं."

पावसचं खरं दुखणं निराळंच. छताचा पंखा चालू असो वा बंद, मे महिन्यात खोली बत्तीस-तेहतीस अंशांवर असते. रेडिएटर पाण्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. थंड देशातल्या खोलीत पंख्यांच्या मिनिटाला सातशे फेऱ्यांवर भागतं, म्हणून इथेही भागेल असं धरून चालत नाही.

११.४०
जुने पंखे निघाले. रेडिएटरच्या पत्र्यांत धूळ आणि खारट दमटपणाची चिकट साय. ब्लोअरने ती हलत नाही. तो ब्रश घेऊन ओळीने, पत्रे न वाकवता घासतो. अर्धा तास जातो. त्याच्या मते आवाजाचं निम्मं काम इथेच होतं, कारण चोंदलेल्या रेडिएटरवर चांगला पंखाही जोरात पळतो. मला ते पटतं.

दुपारी १२.३०
आता निवड. जुने पंखे खोक्यात हवा खेळवण्यासाठीचे होते. मोकळ्यावर भरपूर वारा, दाट पत्र्यांसमोर मात्र हवा मागे फिरते. रेडिएटरला दाब देणारा पंखा लागतो : पाती रुंद, चौकटीशी फट अगदी कमी. समोर दोन नमुने. एक नॉक्टुआ कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५. त्याचा जास्तीत जास्त वेग २००० फेरे, आवाज २२.६ डेसिबल. दुसरा स्वस्तातला, त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या किमतीचा.

डेसिबलचा आकडा तो बाजूला ठेवतो. तो एका पंख्याचा, मोकळ्या हवेतला. तीन सारखे पंखे लावले की आवाज पाचेक डेसिबलने चढतो, आणि पत्र्यांवर आपटणाऱ्या हवेचा आवाज निराळाच. म्हणून एकेक पंखा रेडिएटरवर धरून, छताचा पंखा बंद करून, वेग शंभर-शंभरने चढवत तो कान देतो. घाम डोळ्यांत जातो. स्वस्त पंखा ८५० वर स्वच्छ, हजाराच्या आसपास गुणगुणतो, १२०० वर पुन्हा मोकळा. नॉक्टुआ कुठेच गुणगुणत नाही.

"आजी, जरा मिक्सर थांबवता का?"

माजघरातला मिक्सर थांबतो.

२.००
जेवण तिथेच. आमटी-भात, आंबा. गिऱ्हाइक किमतींचा हिशेब करतो : तीन नॉक्टुआ म्हणजे जवळजवळ नऊ स्वस्त पंखे. ठरतं, स्वस्तच घ्यायचे, पण गुणगुणणारा टप्पा ओलांडून. निवड म्हणून मला हीच योग्य वाटते. दोष कुठल्या वेगाला आहे हे कळल्यावर तिप्पट पैसे मोजायचं कारण उरत नाही.

३.००
बारा स्क्रू, हाताने, तिरक्या कोपऱ्यांच्या क्रमाने. चौकटीखाली रबराची पट्टी, म्हणजे थरथर खोक्यात उतरत नाही. मग बायॉसमध्ये वेग बांधणं. प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं. पंखे त्याला जोडले तर सारखे वर-खाली होतात, आणि कानाला बदलता आवाजच जास्त टोचतो. पाणी सावकाश तापतं. बोर्डावर पाण्याच्या सेन्सरची जागा आहे, सेन्सर अडीचशेला. पाणी ४२ अंशांपर्यंत ८५०, त्यापुढे थेट १२००. मधलं काहीच नाही.

फेरे निम्मे केले की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, हवा मात्र निम्मीच होते. म्हणून मोठा रेडिएटर आणि हळू पंखे, हा सौदा फायद्याचा.

४.३०
पाऊण तास व्हिडिओ रेंडर. पाणी ४१ वर टिकतं. मुलगा माइकसमोर दोन वाक्यं बोलतो, हेडफोन लावून ऐकतो, पुन्हा ऐकतो. "आता कोकीळ ऐकू येतेय." ती मात्र बंद करता येणार नाही.

५.४५
वहीत नोंद : पंखे आणि सेन्सर बिलाप्रमाणे, कुरियर १२०, पेट्रोल १००, मजुरी ७००. आजी पेटीतले चार आंबे पिशवीत घालतात. उद्या गणेशगुळ्याला एक प्रिंटर आहे. त्याची शाई आज रात्रीच पिशवीत भरून ठेवायची.