बालकांची वाणी व श्रवण : जिल्ह्यातील निरीक्षणांचे जागतिक महत्त्व

प्राथमिक शाळेत भाषा हा एक विषय असतोच. शिवाय गणित, परिसर, इतिहास इत्यादी सर्व विषय बालकापर्यंत ज्या वाटेने पोहोचतात ती वाटही भाषाच होय. ही वाट मुख्यतः दोन ठिकाणी अडते. बालकाच्या कानात दोष असेल तर शिक्षकांचे शब्द त्याच्यापर्यंत पुरते पोहोचत नाहीत; वाणीत किंवा भाषेच्या विकासात दोष असेल तर त्याचे शब्द शिक्षकांपर्यंत पोहोचत नाहीत. दोन्ही प्रसंगी वर्गात दिसते ते एकच, म्हणजे मागच्या रांगेत गप्प बसलेले मूल. अशा मुलास 'मंद' ठरविणे सोपे असते. त्याच्या मौनाचे खरे कारण शोधणे कठीण असते. हे कारण शोधणारे जे शास्त्र, ते वाचा, भाषा व श्रवण यांचे शास्त्र होय. त्यातील संशोधन जगात कोठवर आले आहे, त्यात मराठी बालकांना स्थान किती आणि भंडारा जिल्ह्यातील शिक्षकांकडून त्यास कोणते साहाय्य होऊ शकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कान आणि अक्षर यांचा संबंध

ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात, त्यामागील तीन सूक्ष्म हाडांच्या साखळीतून आत जातात आणि अंतर्कर्णातील शंखाकृती भागात त्यांचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर होते. पडदा फाटणे, कान वाहणे, सर्दीमुळे मध्यकर्णात पाणी साचणे या कारणांनी येणारा श्रवणदोष बहुधा औषधोपचाराने अथवा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतो. अंतर्कर्णातील किंवा श्रवणतंतूंतील दोष मात्र सहसा कायमचा असतो आणि तेथे श्रवणयंत्राची अथवा अन्य साधनांची गरज पडते.

श्रवणदोष म्हणजे संपूर्ण बहिरेपणा, ही समजूत चुकीची आहे. स्वर तसेच म, न, व यांसारखी व्यंजने खालच्या पट्टीची व जोरकस असतात. स, श, फ, थ यांसारखे ध्वनी वरच्या पट्टीचे व क्षीण असतात. ज्या बालकास केवळ वरच्या पट्टीचे ध्वनी ऐकू येत नाहीत ते नावाने हाक मारल्यास वळून पाहते, ढोलाच्या आवाजाने दचकते, आणि म्हणून त्याचे कान उत्तम आहेत अशी घरच्यांची खात्री असते. परंतु श्रुतलेखनात तेच मूल 'सात' या शब्दाऐवजी 'हात' लिहिते. फळ्यावरून पाहून लिहिताना मात्र त्याची चूक होत नाही. पाहून लिहिणे आणि ऐकून लिहिणे यांतील हे अंतर शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने ३ मार्च २०२१ रोजी श्रवणविषयक पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमीअधिक श्रवणदोष असून त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना पुनर्वसनसेवेची आवश्यकता आहे. बालकांमधील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांनी उद्भवतात, हे त्यातील विधान शिक्षणक्षेत्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे.

जगाच्या कोष्टकात मराठी कोठे आहे?

कोणते व्यंजन मुलाला कोणत्या वयात उच्चारता यावे, हे ठाऊक असल्यावाचून उच्चारदोषाचे निदान करता येत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधिका शॅरिन मॅक्लाउड आणि त्यांच्या सहकारी कॅथरिन क्रो यांनी २०१८ साली या विषयावरील जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ३१ देशांतील ६४ अभ्यास आणि २६,००७ बालके एवढा त्याचा व्याप होता. पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत मुलांना आपल्या भाषेतील बहुतेक सर्व व्यंजने नीट उच्चारता येतात, असा त्याचा निष्कर्ष निघाला. जगभरचे वाचातज्ज्ञ आज या निष्कर्षाचा आधार घेतात.

तथापि त्या आढाव्यातील भाषांच्या यादीत मराठी नाही. भारतातील दुसरी कोणतीही प्रमुख भाषा नाही. आइसलंडची व माल्टाची भाषा मात्र तीत आहे. या दोन देशांची आजची लोकसंख्या एकत्र केली तरी ती भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येहून कमी भरते. २०११ च्या जनगणनेनुसार या एका जिल्ह्यात सुमारे १२ लाख लोक राहत होते आणि मराठी ही मातृभाषा सांगणाऱ्यांची देशातील संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख होती. तेव्हा यादीत स्थान मिळण्याचे कारण भाषिकांची संख्या हे नव्हे. ज्या भाषेतील बालकांची निरीक्षणे पद्धतशीर नोंदली गेली आणि प्रसिद्ध होऊन इतर देशांतील अभ्यासकांच्या हाती पडली, त्या भाषेस स्थान मिळाले.

मराठी भाषा जगातील विद्वानांस अपरिचित आहे असे नाही. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ १९२० साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. डॉ. अशोक केळकर यांनी मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवरील आपला प्रबंध १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठास सादर केला. मोठ्या माणसांची मराठी अशा रीतीने जगापुढे गेली. मराठी बालकांची बोली मात्र तितकी गेली नाही.

याचे परिणाम केवळ विद्वत्तेपुरते राहत नाहीत. मराठीत 'चार' मधील च निराळा आणि 'चारा' मधील च निराळा; 'जीव' मधील ज निराळा आणि 'जाळे' मधील ज निराळा. ळ हे व्यंजन इंग्रजीत मुळीच नाही. म्ह, न्ह, ल्ह हे महाप्राण उच्चारही तेथे नाहीत. साडेचार वर्षांचे मूल 'बाळ' शब्दाचा उच्चार 'बाल' असा करू लागले तर तो वयोमानाचा भाग समजावा की दोष समजावा, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी कोष्टकात सापडणार नाही. ते मराठी मुलांच्या निरीक्षणातूनच मिळावयास हवे.

बोली आणि दोष

भंडारा जिल्ह्यात या प्रश्नास आणखी एक बाजू आहे. येथील पुष्कळ घरांत झाडीबोली बोलली जाते. काही घरांत पोवारी, गोंडी, हलबी किंवा हिंदी चालते. झाडीबोलीत ण आणि ळ यांचा उच्चार साधारणतः होत नाही. 'पाणी' हे 'पानी' होते व 'डोळा' हा 'डोरा' होतो. साकोली किंवा लाखांदूर तालुक्यातील बालक पहिलीत येऊन 'डोरा' म्हणते, तेव्हा त्याची जीभ जड नसते आणि कानही बिघडलेला नसतो. ते आपल्या आईची भाषा अचूक बोलत असते. अशा मुलाच्या उच्चाराला दोष म्हणणे हे अशास्त्रीय आहे, आणि त्याला हसणे हे अन्यायाचे आहे; कारण त्यामुळे बोलके मूल अबोल होते.

याच्या उलटही घडते. 'घरचीच बोली आहे, शाळेत येईल तसे सुधारेल' असे म्हणून खऱ्या दोषाकडे दुर्लक्ष होते. पहिल्या चुकीने निरोगी मूल रोगी ठरते, दुसरीने गरजू मुलाची मोलाची वर्षे वाया जातात. दोहोंत निवाडा करण्याची कसोटी सोपी आहे: मूल जो उच्चार करते तो त्याच्या घरची वडील माणसे व त्याच आळीतील समवयस्क मुले करतात काय? करीत असतील तर ती बोली होय. घरातील इतर सर्वजण 'क' म्हणत असता सहा वर्षांचे मूल 'काका' यास 'ताता' म्हणत असेल, तर ते तपासणीस पाठविण्यायोग्य होय.

थोड्या नोंदींचे मोठे फळ

एका प्रदेशातील नोंदींनी जगाची रीत कशी बदलते, याचे उदाहरण अमेरिकेतील कोलोराडो राज्यात सापडते. तेथे क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रवणदोष असलेल्या १५० मुलांचा अभ्यास करून तो १९९८ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला होता आणि ७८ मुलांचा त्यानंतर. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा इतरांहून स्पष्टपणे पुढे गेलेली आढळली. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना हा जो नियम आज अनेक देशांत मानला जातो, त्यास अशा संशोधनाचे मोठे बळ मिळाले. दीडशे ही संख्या प्रचंड नव्हे. नोंदी काळजीपूर्वक ठेवल्या होत्या आणि त्या जगापुढे मांडल्या गेल्या, हे त्यांचे सामर्थ्य होते.

भारतात या कार्यास लागणाऱ्या संस्था आहेत. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ साली आणि मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ साली स्थापन झाली. भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी दिल्ली येथे २०१५ साली स्वतंत्र केंद्र निघाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. त्यानुसार अंगणवाड्या व शासकीय शाळांतील बालकांची तपासणी वैद्यकीय पथके करतात आणि श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब यांचा तीत समावेश आहे. परंतु पथक वर्षातून एकदोन दिवस येते, शिक्षक मुलाला रोज पाहतात. सर्दीच्या दिवसांत कोणाला कमी ऐकू येते, तलावात पोहून आल्यावर कोणाचा कान पुन्हा वाहू लागतो, हे शिक्षकांसच प्रथम कळते.

शिक्षकांनी काय करावे

१. मान एका बाजूस वळवून ऐकणारी, बोलणाऱ्याच्या ओठांकडे एकटक पाहणारी, शिक्षकांची पाठ वळताच उत्तर न देणारी, आणि पाहून लिहिण्यापेक्षा श्रुतलेखनात फारच मागे पडणारी मुले हेरावीत.

२. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहून, एका वेळी एक कान हलकेच दाबून धरावयास लावून, दुसऱ्या कानासाठी तीन अंक कुजबुजत उच्चारावेत व ते म्हणवून घ्यावेत. हे निदान नव्हे. तपासणीस पाठवावे की नाही एवढेच त्यावरून ठरवावे.

३. वाहत्या कानात तेल, औषधी पाल्याचा रस किंवा काडी घालू देऊ नये. कान कोरडा ठेवून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. कान बरा होईपर्यंत तलावात डुंबणे वर्ज्य करावे, हे पालकांस समजावून सांगावे.

४. प्रत्येक संशयित बालकाचे वय, घरची बोली, ऐकण्यातील वा उच्चारातील लक्षणे, पाठविल्याची तारीख व तपासणीचा निकाल यांची नोंद ठेवावी. उच्चार मूल जसा करते तसाच लिहावा, सुधारून लिहू नये.

५. ही नोंद पालकांच्या संमतीवाचून कोणासही दाखवू नये, आणि बाहेर द्यावयाची झाल्यास नाव वगळूनच द्यावी. मुलाचा दोष वर्गात उच्चारला जाऊ नये.

अशा नोंदींना संशोधनाची योग्यता येण्यासाठी तज्ज्ञांची तपासणी, सर्वत्र सारखी पद्धत आणि प्रसिद्धी यांची जोड लागते. ते काम विद्यापीठांचे व राष्ट्रीय संस्थांचे आहे. परंतु ज्या दिवशी एखादा अभ्यासक मराठी बालकांच्या वाणीविषयी विचारू लागेल, त्या दिवशी तुमसर, मोहाडी, पवनी येथील शाळांतून कोणत्या घरचे मूल कोणत्या वयात काय बोलत होते हे सांगता आले, तर जगाच्या कोष्टकातील रिकामी जागा भरण्यास प्रारंभ होईल. तोवर प्रत्येक नोंदीचा पहिला लाभ ज्या मुलाची ती नोंद आहे त्यालाच मिळेल, आणि शाळेच्या दृष्टीने तेवढे प्रयोजनही पुरेसे आहे.