ट्रेलरवर नोकरी धरताय? आधी साखळ्या बघा

मुलुंड चेकनाक्यावर चहा घेत ट्रेलर न्याहाळायचा माझा जुना छंद. (घरचे वैतागतात.) मेट्रो-४ साठी एलबीएस मार्गावर गर्डर यायचे तेव्हा तर रात्री जागवल्यात.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल भरणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागायचं असेल, तर पगार नंतर विचारा. आधी यार्डात जाऊन साखळ्या, रॅचेट, लाकडी ठोकळे बघा. उघड्या ट्रेलरवर कॉइल सुटली, तर ती केबिनच्याच दिशेने येऊ शकते. गंजलेल्या साखळ्या दिसल्या, तर मागे फिरा.

दुसरा प्रश्न : दंड कोण भरणार? ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर जादा टनामागे २,०००. माल बाजूला, पुढे-मागे बाहेर आला तरी २०,०००. ‘बघू नंतर’ म्हणणारा मालक तो तुमच्या भत्त्यातून कापणार, हे धरून चाला.

२०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात साधारणपणे दिवसाला ८, आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. शहरात अवजड गाड्यांना वेळेची बंदी असते, नाक्यावर तासन् तास थांबावं लागतं. त्या खोळंब्याचे पैसे मिळतात का, हे मालकाला नाही, त्याच्याच जुन्या ड्रायव्हरला विचारा. आणि हो, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची आहे. गाडी कधीची, तेही बघा.