सरस्वती, म्यूझ आणि रंगमंच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नवी मुंबईकरांचे हक्काचे थिएटर म्हणजे वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह. ज्या नाटककार भाव्यांचे नाव या वास्तूला दिले आहे, त्यांनी कलेच्या देवतेला, सरस्वतीला, थेट रंगमंचावर आणले होते. तरीही सरस्वती आणि ग्रीकांच्या म्यूझ या कलेच्या देवतांविषयी काही गैरसमज वर्षानुवर्षे चालत आले आहेत.

गैरसमज : ग्रीकांच्या म्यूझ म्हणजे फक्त कवितेच्या देवता.
वस्तुस्थिती : हेसिअड या कवीने इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास नऊ म्यूझ नावानिशी सांगितल्या. पुढे त्यांच्याकडे शोकनाट्य, सुखात्मिका आणि नृत्य आले, तसाच क्लिओकडे इतिहास आणि उरेनियाकडे खगोलशास्त्रही आले. कोणाकडे काय, ही वाटणी पक्की झाली ती थेट रोमन काळात.

गैरसमज : सरस्वतीचे वाहन फक्त हंस.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात ती मोरावरही बसते. भाव्यांच्या नाटकात मंगलाचरण झाले की आधी गणपती येई, मग मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येई आणि सूत्रधाराला आशीर्वाद देई. स्त्रिया तेव्हा रंगमंचावर नव्हत्या. ही सरस्वती पुरुष नटच साकारत. कोकणच्या दशावतारातही गणपतीपाठोपाठ सरस्वतीचा प्रवेश असतो.

गैरसमज : भाव्यांचे नट लिहिलेले संवाद म्हणत.
वस्तुस्थिती : १८४३ साली सांगलीत झालेल्या ‘सीता स्वयंवर’मध्ये पदे बांधलेली होती आणि ती सूत्रधार गाई. संवाद मात्र नट प्रसंग ओळखून आयत्या वेळी बोलत. कथा मुखोद्गत नसेल, तर असे बोलणे जमत नाही.

गैरसमज : देवी प्रसन्न झाली की कला आपोआप येते.
वस्तुस्थिती : दोन्ही परंपरा याच्या उलट सांगतात. नऊ म्यूझची आई निमोसिनी ही स्मृतीची देवता आहे. लिखित संहितेविना गाणाऱ्या ग्रीक गायकांचा सारा भार स्मरणशक्तीवर होता. आपल्या सरस्वतीच्या हातात वीणा आणि पुस्तकाबरोबर जपमाळही असते, म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली उजळणी. दसऱ्याला मुले पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात. त्या आकृतीतही एकच रेघ अनेकदा गिरवावी लागते.

५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नटराजाला हार जरूर घालावा. पण मुलाला नाट्यशिबिरात घालणाऱ्या पालकांनी पहिल्याच महिन्यात ‘प्रतिभा’ शोधू नये. आधी पाठांतर आणि तालीम होऊ द्यावी.