कुकी तुमची, किल्ली त्यांची!

वेबसाइट तुम्हाला ओळखते ती तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकीवरून. १९९४ साली नेटस्केपच्या लू मोंटुली यांनी ही सोय काढली. पण कुकी तुमच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे तीत खाडाखोडही तुम्हालाच सोपी. ही खाडाखोड पकडण्यासाठी सर्व्हर एक गुप्त किल्ली बाळगतो आणि तिने कुकीवर सही करतो. सहीचं गणित सहसा दगा देत नाही. फजिती होते ती किल्लीपायी.

सही म्हणजे कुलूप नव्हे
फ्लास्क या पायथनच्या फ्रेमवर्कमध्ये सेशनची कुकी मुळात फक्त सही केलेली असते. ‘युझर १७’चं ‘युझर १’ केलंत तर सही जुळत नाही आणि सर्व्हर कुकी फेकून देतो. आतला मजकूर मात्र कुणालाही वाचता येतो. तो लपवायचा तर एन्क्रिप्शन वेगळं करावं लागतं. रेल्स या रुबीच्या फ्रेमवर्कने २०१३ मध्ये चौथ्या आवृत्तीत तीही सोय दिली.

सतरा मिनिटांत गुपित फुटलं
२००१ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या साइटची कुकी तपासली. युझरनेमला गुपित जोडून त्यातून शिक्का तयार व्हायचा. पण शिक्का काढणारं फंक्शन पहिली आठच अक्षरं बघायचं! सात अक्षरी नावाने खातं उघडलं की गुपिताचं पहिलंच अक्षर हिशेबात येई. ते सापडलं की सहा अक्षरी नाव, मग पाच अक्षरी. एका अक्षराला जास्तीत जास्त १२८ प्रयत्न, गुपित आठ अक्षरी धरलं तरी १०२४. सेकंदाला एक प्रयत्न धरला तरी सुमारे सतरा मिनिटांत खेळ खलास. आणि एवढं जपलेलं गुपित काय निघालं? ‘मार्च२०’.

स्पेलिंग चुकलेली किल्ली
अपाची सुपरसेट या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या तयार किल्लीत ‘धिस इज माय सीक्रेट की’ लिहिलेलं होतं, तेही ‘सीक्रेट’मधला एक ‘ई’ गाळून. २०२३ मध्ये होरायझन३ या कंपनीने इंटरनेटवर उघडे असलेले तीन हजारांहून जास्त सर्व्हर चाळले. सुमारे दोन-तृतीयांशांनी किल्ली बदललीच नव्हती. तीच किल्ली वापरून कुणालाही ॲडमिनची कुकी घरबसल्या बनवता आली असती! नवी आवृत्ती तयार किल्ली दिसली की सुरूच व्हायला नकार देते. एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या फ्रेमवर्कच्या सेशन मॉड्यूलच्या माहितीपत्रकातली नमुना किल्ली तर ‘कीबोर्ड कॅट’ आहे. नमुना म्हणून झकास, कॉपी-पेस्ट केलीत तर संपलं.

पासवर्ड कशाला हवा?
याहूने २०१७ मध्ये सांगितलं, की २०१५-१६ मध्ये बनावट कुक्यांनी सुमारे ३.२ कोटी खात्यांना हात लावला गेला होता. घुसखोरांनी कंपनीचा अंतर्गत कोड मिळवून कुकी बनवायची रीतच उचलली होती. पासवर्ड कितीही अवघड असो, इथे त्याला कुणी विचारतच नव्हतं.

नव्वद दिवसांचा नियम
किल्ली एकदम बदलली की सगळे युझर लॉगआउट, आणि हेल्पडेस्कचे फोन सुरू! म्हणून जुडगा ठेवतात: सही नव्या किल्लीने, पडताळणीला जुन्याही चालतात. जँगो या पायथनच्या फ्रेमवर्कने २०२२ मध्ये त्यासाठी खास सेटिंग दिलं. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट कोअर या फ्रेमवर्कमध्ये किल्लीचं आयुष्य मुळात ९० दिवसांचं असतं. तिच्या जागी येणारी किल्ली काही दिवस आधीच तयार होते, म्हणजे सगळ्या सर्व्हरपर्यंत ती वेळेत पोचते.

निवृत्त न झालेली किल्ली
टोकन, म्हणजे ओळख पटवणारी सही केलेली चिठ्ठी, कुकीच्याच गोत्रातलं. मायक्रोसॉफ्टची २०१६ सालची टोकनवर सही करणारी किल्ली २०२१ मध्येच बाद व्हायची होती. पण हाताने किल्ल्या बदलताना मोठा खोळंबा झाला, म्हणून कंपनीने त्या वर्षी बदलणंच थांबवलं. २०२३ मध्ये हॅकरांनी त्याच किल्लीने बनवलेल्या टोकनांनी अमेरिकी परराष्ट्र खात्याचे सुमारे साठ हजार ईमेल नेले. तेव्हा नवी किल्ली काढलीत, की जुनी कधी बाद होणार ती तारीखही त्याच दिवशी ठरवा, आणि बदलायचं काम माणसाच्या आठवणीवर सोडू नका.