पुस्तक बदलावं की पायरी?

शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं पूर्वी आपण फक्त ऐकून होतो. आता ओळखीपाळखीत अशी एकदोन घरं निघतातच. या घरांतून भाषा, इतिहास, चित्रकला, स्वयंपाक, बागकाम हे सगळं मजेत चाललेलं असतं. गाडी अडते ती गणितापाशी. मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत आई किंवा वडील कसंबसं निभावून नेतात. मग बीजगणित येतं, आणि एके दिवशी वही मिटून मूल म्हणतं, ‘मला नाही जमत.’ त्या रात्री घरात एकाच गोष्टीची चर्चा होते. पुस्तक बदलायचं का?

प्रश्न दिसतो तेवढा छोटा नाही. शाळेतल्या मुलाचं पुस्तक शाळा ठरवते, त्यामुळे दोष द्यायला शाळा असते. घरी शिकणाऱ्या मुलाचं पुस्तक आईबापांनी निवडलेलं असतं. ते फसलं की आईला वाटतं आपण फसलो, आणि मुलाला वाटतं आपल्याला डोकंच नाही. दुसरी समजूत जास्त घातक, कारण ती एकदा रुजली की पुढची तीन पुस्तकं वाया जातात.

माझ्या भाचीच्या मिरजेच्या घरी हे मी जवळून पाहिलं. तिची मुलगी पाचवीपर्यंत उर्दू माध्यमाच्या शाळेत होती. मार्च २०२०मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या, आणि पुन्हा उघडल्या तेव्हा घरच्यांनी तिला घरीच शिकवायचं ठरवलं. मुलगी हुशार आहे, हाताने उत्तम चित्रं काढते, विशेषतः घरांची आणि जिन्यांची. गणितासाठी आधी बालभारतीचं उर्दू पुस्तक झालं, मग एनसीईआरटीचं इंग्रजी, मग परदेशी वह्यांचा एक महागडा संच. सोळावं लागलं तेव्हा ती दोन चलांच्या रेषीय समीकरणांपाशी अडून बसली होती. भाचीने फोन केला, ‘मामू, चौथं पुस्तक घ्यावं म्हणते. तुमचं काय मत?’

मी कवितेतला माणूस, बी.ए. मराठी घेऊन झालेला. म्हणून मी माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकेला बरोबर घेऊन गेलो. बाईंनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं आहे. पुढे जे सांगतो त्यातलं गणित त्यांचं, बडबड माझी.

बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिन्ही पुस्तकं बाजूला ठेवायला सांगितली. मुलीसमोर कोरा कागद ठेवला आणि अगदी साधे प्रश्न विचारले. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? साठचे तीन चतुर्थांश किती? ऋण तीनमधून पाच वजा केले तर? आठ अधिक चार बरोबर रिकामा चौकोन अधिक पाच, तर चौकोनात काय? हा शेवटचा प्रश्न फार मासलेवाईक आहे. पुष्कळ मुलं चौकोनात बारा लिहितात. उत्तर सात आहे. बारा लिहिणाऱ्या मुलाला बेरीज येते, पण त्याच्या लेखी ‘बरोबर’च्या चिन्हाचा अर्थ ‘आता उत्तर लिहा’ एवढाच असतो. दोन्ही बाजू तोलाने सारख्या, हा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. आणि सगळं बीजगणित त्या तोलावर उभं आहे. तोल न कळलेल्या मुलाला ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ हा नियम जादूटोण्यासारखा पाठ करावा लागतो.

आमच्या मुलीने सात लिहिले. तोल तिला माहीत होता. ती कोसळली ती पुढे. दोन तृतीयांश अधिक एक चतुर्थांश या बेरजेला तिने वरचे वर आणि खालचे खाली मिळवून तीन सप्तमांश असं उत्तर दिलं. बाईंनी चूक म्हटलं नाही. एवढंच विचारलं, ‘दोन तृतीयांश अर्ध्याहून जास्त की कमी?’ जास्त. ‘आणि तीन सप्तमांश?’ मुलगी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘कमी. म्हणजे भर घातली आणि कमी झालं?’

दुखणं असं सापडलं. समीकरणं कशी सोडवायची हे तिला कळत होतं. पण सोडवता सोडवता सात छेद तीन असं काही समोर आलं की तिचा पाय घसरे. अपूर्णांकांची बेरीज पाचवी-सहावीत पक्की होते. तिच्या सहावीचं वर्ष नेमकं २०२०चं. म्हणजे अडथळा नववीच्या पुस्तकात दिसत होता, पण होता तो सहावीत. नववीचं चौथं काय, चौदावं पुस्तक आणलं असतं तरी तो तिथेच राहिला असता.

हा काही एका घरातला योगायोग नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सीग्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांची अनेक वर्षांची माहिती तपासून पाहिली. दहा-बारा वर्षांच्या वयात ज्यांना अपूर्णांक आणि भागाकार नीट येत होते, त्यांचं पाच-सहा वर्षांनंतरचं गणितही चांगलं निघालं. मुलांची बुद्धी, आईबापांचं शिक्षण, घरचं उत्पन्न हे सगळं हिशेबात घेऊनही हा संबंध टिकला. तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचं मूल बीजगणितात अडलं तर पहिला संशय अपूर्णांकांवर घ्यायला हरकत नाही.

जपानमध्ये १९५४ साली तोरू कुमोन नावाच्या हायस्कूलमधल्या गणिताच्या शिक्षकाने दुसरीतल्या आपल्या मुलासाठी घरीच हाताने सरावाचे कागद लिहायला सुरुवात केली. त्याचे पुढे जगभर वर्ग झाले. त्यातली घोकणी मला फारशी पसंत नाही, पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे मुलाची सुरुवात त्याच्या इयत्तेपासून होत नाही, त्याला सहज जमतं तिथून होते. सोळा वर्षांच्या मुलीला सहावीचं पुस्तक द्यायचं म्हणजे अपमान वाटणार, हे खरं. त्यावर बाईंचा तोडगा साधा होता. त्यांनी पुस्तक दिलंच नाही, गणितं कागदावर लिहून दिली. कागदावर इयत्ता नसते.

अपूर्णांकांच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतःची नावं आहेत. जुन्या लोकांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. औट म्हणजे साडेतीन. दोनदा पाऊण म्हणजे दीड, तीनदा पाऊण म्हणजे सव्वादोन, हे भाजीवाली आजही कागदाशिवाय सांगते. आमच्या मुलीलाही सव्वा किलो आणि पाऊण तास पक्के कळत होते. पण पाऊण म्हणजे तोच तीन छेद चार, ही गाठ कोणी मारून दिली नव्हती.

कारण भाषा. माध्यम बदलल्याने गणितात काय तुटतं याचा विचार पुस्तक बदलताना क्वचित होतो. उर्दू शाळेत अपूर्णांकाला कसर म्हणतात, त्रिकोणाला मुसल्लस. इंग्रजी पुस्तकात तेच फ्रॅक्शन आणि ट्रँगल. घरात बोलायला दखनी, बाजारात मराठी. एकाच वस्तूची चार नावं असली तर कवीची चैन होते, पण दहा वर्षांच्या मुलीला त्या चार वस्तू वाटू शकतात. म्हणून मूल शाब्दिक उदाहरणात चुकलं तर एक करून पाहावं. तेच उदाहरण घरच्या बोलीत तोंडी सांगावं. तोंडी सुटलं आणि पुस्तकातून सुटलं नाही, तर मुलाचं गणित ठीक आहे, वाचन अडलंय. अशा वेळी पुस्तक बदलणं योग्य, आणि तेही मुलाच्या भाषेच्या जवळचं निवडावं.

इथे एक गंमत सांगतो. बीजगणिताला इंग्रजीत जे ‘अल्जिब्रा’ नाव पडलं ते ‘अल-जब्र’वरून, आणि तो शब्द इसवी सन ८२०च्या सुमाराच्या अल-ख्वारिझ्मी यांच्या ग्रंथाच्या नावातला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे, कारण आमच्याकडे वाटण्या अपूर्णांकांतच होतात. बाईंना हे सांगितलं तर त्यांनी लगेच उदाहरण घातलं. एक माणूस वारला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि २४ हजार रुपये. बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्यात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक. मुलीने पाच मिनिटांत मांडलं. आईला तीन हजार, मुलाला चौदा, मुलीला सात. बेरीज जुळली. मग कागदावरून मान वर करून मला म्हणाली, ‘नाना, मुलीला सातच का?’ मी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, ‘हे माझ्या विषयात येत नाही.’

असो. मग पुस्तक कधीच बदलू नये का? तसं नाही. पुस्तकांच्या ढोबळमानाने दोन जाती असतात. एका जातीचं पुस्तक एक धडा पूर्ण जिरवतं आणि पुढे जातं. सिंगापूरची पुस्तकं साधारण या वळणाची. आधी वस्तू, मग पट्ट्यांची चित्रं, मग आकडे. दुसऱ्या जातीचं पुस्तक रोज थोडं नवं देतं आणि मागचं सारखं फिरवून आणतं. अमेरिकेत घरी शिकणाऱ्या मुलांत वापरली जाणारी जॉन सॅक्सन यांची पुस्तकं अशी आहेत. शिकलेलं महिन्याभरात विसरणाऱ्या मुलाला दुसरी जात मानवते. एका विषयातून दुसऱ्यात उडी मारली की गोंधळणाऱ्याला पहिली. मुलाचा स्वभाव आणि पुस्तकाची जात जुळत नसेल तर बदल करावा. आपली शालेय पुस्तकं मात्र वर्गात कोणीतरी समजावून सांगणार हे गृहीत धरून लिहिलेली असतात. घरी समजावणारं कोणी नसेल, तर सविस्तर सोडवलेली उदाहरणं देणारं पुस्तक हवंच.

बदलाची किंमत आधी मोजावी. प्रत्येक मंडळाचा क्रम वेगळा असतो. २०१७ साली आलेल्या आपल्या राज्याच्या नववीच्या पुस्तकांत संच आहेत आणि त्रिकोणमितीची ओळखही आहे. भाचीकडच्या एनसीईआरटीच्या नववीच्या प्रतीत ही दोन्ही प्रकरणं नाहीत. मध्येच गाडी बदलली की काही स्थानकं दोनदा लागतात आणि काही लागतच नाहीत. आणि काही मुलांचं दुखणं पुस्तकात नसतं, पायरीतही नसतं. सोळाव्या वर्षीही सात आणि आठची बेरीज बोटांवर करावी लागत असेल, घड्याळ वाचताना आणि सुटे पैसे मोजताना गोंधळ होत असेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. मुंबईत सायनसारख्या महापालिकेच्या रुग्णालयात ती होते. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिला परीक्षेचा धाक. घाईघाईने पुस्तकं बदलली जातात ती बहुधा याच धाकाने. भाचीने मुलीचं नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये घातलं आहे. तिथे दहावीला पाच विषय लागतात, नोंदणी पाच वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. विषय एकेक करून सोडवता येतात. गणित सक्तीचं नाही. या शेवटच्या वाक्यावर घरात दोन दिवस खल झाला. गणित सोडूनच द्यावं, असं भाचीच्या सासूबाईंचं मत पडलं. पण मुलीला व्हायचं आहे आर्किटेक्ट, आणि त्या अभ्यासक्रमाला बारावीचं गणित लागतं. तिला समोर बसवून हे नीट सांगितलं. सोडायचं की ठेवायचं, हे तू ठरव म्हटलं. तिने ठेवायचं ठरवलं.

चौथं पुस्तक आलेलं नाही. एनसीईआरटीचं आहे तेच आहे, फक्त ते कपाटात आहे. सध्या बाईंच्या कागदांवर अपूर्णांक संपून शेकडेवारी आणि गुणोत्तर चाललं आहे. त्यासाठी ती स्वतः काढलेल्या जिन्यांची मापं घेते. चार विषय आधी द्यायचे आणि गणित शेवटच्या खेपेला, असं ठरलं आहे. तोवर रोज सकाळी चाळीस मिनिटं, आणि शुक्रवारी सुट्टी.