हिवतापावर मंत्राची काठी!

ताप उतरावा म्हणून दंडाला बांधलेला ताईत तुम्ही पाहिला असेल. त्यातल्या कागदावर काहीतरी मंत्र लिहिलेला असतो. अशी 'लेखी औषधे' फक्त आपल्याकडेच होती असे मात्र समजू नका. मध्ययुगातल्या युरोपातही ती सर्रास वापरली जात.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ रीबे नावाचे जुने शहर आहे. तेथे १९५५ साली पाइन लाकडाची एक काठी सापडली. लांबी सुमारे ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढी! तिच्यावर रून लिपीत मजकूर कोरलेला आहे. ही लिपी बहुतेक सरळ रेघांची, म्हणून चाकूने लाकडावर कोरायला सोपी. काठी इ. स. १३००च्या सुमाराची आहे.

मजकुरात पृथ्वी, आकाश, सूर्य, मेरीमाता आणि परमेश्वर या सर्वांची एकत्रच विनवणी केली आहे. बरे करणारे हात आणि बरे करणारी वाणी द्या, अशी ही मागणी. मग आजाराला रोग्याच्या अंगातून निघून जाण्यास बजावले आहे. त्या आजाराचे नाव आहे 'थरथरवणारा'. अभ्यासकांच्या मते हा मलेरिया असावा. गंमत पाहा, आपल्या 'हिवताप' या नावातही तीच हुडहुडी आहे!

थंड डेन्मार्कमध्ये मलेरिया कसा, असे तुम्ही विचाराल. उत्तर युरोपच्या किनाऱ्यांवरील दलदलीत ॲनॉफिलिस डास भरपूर होते आणि एकोणिसाव्या शतकातही तेथे मलेरिया होता.

आता खरा प्रश्न. मंत्राने गुण येत नसेल, तर लोकांचा विश्वास कसा बसला? उत्तर रोगातच आहे. मलेरियाच्या एका प्रकारात जंतू रक्तातील तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण दर ४८ तासांनी त्या फोडून बाहेर पडतात. तेव्हा थंडी वाजून ताप चढतो. काही तासांनी घाम येऊन तो आपोआप उतरतो. दुसरा दिवस बरा जातो, तिसऱ्या दिवशी पुन्हा ताप! यालाच आपण एकांतरा म्हणतो. ताप भरात असताना मंत्र म्हटला, की संध्याकाळपर्यंत अंग थंड! श्रेय मंत्राला. ताप उलटला, तर 'मंत्र म्हणण्यात चूक झाली'!

ते लोक मूर्ख नव्हते. सिंकोनाची साल युरोपात पोचली ती सतराव्या शतकात. मलेरियाचा जंतू लाव्हरान यांनी १८८० साली पाहिला, तर तो डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत दिसला. त्याआधी तळमळणाऱ्या मुलाच्या उशाशी बसलेल्या आईने दुसरे काय करावे?

आज मात्र रक्ताचा एक थेंब तपासला की जंतू दिसतो आणि त्यावर औषधही आहे. ताईताच्या भरवशावर उशीर केला, तर मलेरिया जिवावर बेतू शकतो.

जाता जाता एक कोडे. एखादा उपाय केल्यावर ताप उतरला. तो त्या उपायानेच उतरला की आपोआप, हे कसे ठरवाल? उपाय न केलेल्या रोग्यांचे काय झाले, हेही पाहायला नको का? विचार करा!