बंगळूरची बस आणि बंगळूरचा रस्ता

शहराच्या वाहतुकीचा प्रश्न निघाला म्हणजे रस्ते किती रुंद करावयाचे, उड्डाणपूल कोठे बांधावयाचे आणि मोटारी कोठे उभ्या करावयाच्या, असाच विचार बहुधा केला जातो. वास्तविक रस्ता हे साधन आहे. माणसाला घरापासून कामाच्या जागी वेळेवर, सुखरूपपणे आणि परवडेल अशा भाड्यात पोचविणे हे साध्य होय. भारत सरकारने २००६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात हेच तत्त्व मांडलेले आहे : रस्त्यावरील जागेची वाटणी वाहनांकडे पाहून न करता माणसांकडे पाहून करावी. हे तत्त्व कागदावरून रस्त्यावर आणणे किती कठीण आहे, हे समजून घ्यावयाचे तर बंगळूरसारखे दुसरे उदाहरण सापडणे अवघड.

बंगळूरचा पाया १५३७ साली केंपेगौडाने घातला. १६३८ नंतर हे ठाणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे महाराष्ट्रीयांना परिचित आहेच. पुढे १८०९ साली इंग्रजांनी जुन्या पेठेपासून काही अंतरावर लष्करी छावणी वसविली आणि पेठ व छावणी अशी दोन गावे शेजारी शेजारी वाढू लागली. १९४९ साली दोहोंची मिळून एक महापालिका झाली. म्हैसूर, तुमकूर, बळ्ळारी, होसूर आणि मद्रास यांकडे जाणारे रस्ते या जुन्या शहरातून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पडत होते.

विसाव्या शतकाच्या मध्यास येथे मोठे कारखाने आले. विमानांचा कारखाना १९४० साली, टेलिफोनचा १९४८ साली, हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ साली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली स्थापन झाला. या कारखान्यांनी जवळच आपल्या कामगारांच्या वसाहती उभारल्या आणि दूरच्या कामगारांसाठी स्वतःच्या बसगाड्या चालविल्या. काम आणि घर यांतील अंतर मुळातच कमी ठेवणे, हा वाहतुकीच्या नियोजनातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो या वसाहतींनी फारसा गाजावाजा न करता अमलात आणला होता.

शहरातील बससेवा १९४० साली एका खाजगी कंपनीने सुरू केली. १९५६ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९९७ पासून ती बंगळूर महानगर परिवहन महामंडळाकडे आहे. या सेवेचे केंद्र म्हणजे मॅजेस्टिकचे बसस्थानक. जुन्या धर्मांबुधी तलावाच्या आटलेल्या पात्रात ते उभे आहे. आऱ्यांप्रमाणे पसरलेल्या शहराला ही रचना साजेशी होती, कारण ज्याला त्याला मध्यभागीच यावयाचे असे.

पुढे शहराचा आकार बदलला. दक्षिणेस इलेक्ट्रॉनिक सिटी, पूर्वेस व्हाइटफील्ड आणि त्यांच्या अलीकडून जाणारा बाह्य वर्तुळमार्ग, अशा ठिकाणी नव्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. काम चाकाच्या आसापासून धावेकडे सरकले; बसगाड्या मात्र दीर्घकाळ आऱ्यांवरूनच धावत राहिल्या. १९५१ साली आठ लाखांच्या आत असलेली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत चौऱ्याऐंशी लाखांवर गेली. ज्याला धावेवरच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावयाचे, त्याने दुचाकी घेतली. ज्याला शक्य झाले, त्याने मोटार घेतली. आज शहरात नोंदलेल्या वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे आहे. २०१९ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जगातील सर्वांत कोंडलेले शहर म्हणून बंगळूरचे नाव पहिले आले. मोकळ्या रस्त्यावर लागेल त्याहून सरासरी ७१ टक्के अधिक वेळ तेथे प्रवासास लागत होता.

या कोंडीचा बससेवेवर काय परिणाम होतो, हे साध्या हिशेबाने समजून घेता येते. वीस किलोमीटरचा एक मार्ग आहे आणि बस ताशी वीस किलोमीटर वेगाने धावते, असे समजा. जाण्यास एक तास आणि येण्यास एक तास, म्हणजे एक पूर्ण फेरी दोन तासांची झाली. दर दहा मिनिटांनी बस हवी असेल, तर या मार्गावर बारा गाड्या लागतील. आता कोंडीमुळे वेग ताशी दहा किलोमीटरवर आला, तर फेरी चार तासांची होईल आणि तीच सेवा टिकविण्यास चोवीस गाड्या लागतील. गाड्या बाराच राहिल्या, तर थांब्यावरील प्रवाशाला बस दहाऐवजी वीस मिनिटांनी मिळेल. शिवाय चालक आणि वाहक यांचे वेतन तेवढेच. फेऱ्या मात्र निम्म्या. महामंडळाच्या तोट्याचा एक मोठा भाग अशा रीतीने आगारात किंवा कचेरीत निर्माण न होता रस्त्यावरच निर्माण होतो. कंटाळलेला प्रवासी बस सोडून दुचाकी घेतो, त्यायोगे रस्ता अधिक भरतो आणि बस आणखी मंदावते. बंगळूरमध्ये सहा हजारांहून अधिक बसगाड्या आहेत. परंतु रस्ता मोकळा नसेल, तर नव्या गाड्या घेऊनही त्यांतील कित्येकींची शक्ती उभे राहण्यातच खर्ची पडते.

म्हणून बसला रस्त्यावर स्वतंत्र जागा देणे हा उपकार नसून न्याय्य वाटणी आहे. बारा मीटर लांबीची बस एका रांगेत उभ्या असलेल्या तीन मोटारींएवढी जागा व्यापते. त्या तीन मोटारींत बहुधा चारपाच माणसे असतात, तर गर्दीच्या वेळी बसमध्ये पन्नास-साठ. या विचाराने २०१९ च्या अखेरीस सिल्क बोर्ड चौकापासून कृष्णराजपुरमच्या बाजूपर्यंत बाह्य वर्तुळमार्गावर बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका आखण्यात आली. पुढे त्याच मार्गावर मेट्रोचे बांधकाम सुरू झाले आणि ती मार्गिका टिकली नाही. पुण्याने २००६ साली कात्रज-स्वारगेट-हडपसर या रस्त्यावर असाच प्रयोग केला होता. मार्गिका आखली, तरी थांब्यापर्यंत सुरक्षित वाट, रस्ता ओलांडण्याची सोय आणि नियमांची अंमलबजावणी यांवाचून ती निष्फळ ठरते, हा बोध त्या प्रयोगातून पुणेकरांना मिळाला.

मेट्रोचा पहिला टप्पा बय्यप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता असा २० ऑक्टोबर २०११ रोजी खुला झाला. २०२३ साली ती व्हाइटफील्डपर्यंत आणि १० ऑगस्ट २०२५ रोजी इलेक्ट्रॉनिक सिटीवरून बोम्मसंद्रापर्यंत पोचली. मोठ्या संख्येने माणसे वेगाने वाहून नेण्यास मेट्रोसारखे साधन नाही. परंतु ती मुख्य नदी आहे आणि नदीला ओढे मिळावे लागतात. स्थानकापासून घरापर्यंतचा दोनतीन किलोमीटरचा प्रवास रिक्षाने करावा लागला, तर गाडीत वाचलेला वेळ आणि पैसा तेथेच संपतो. भाड्याचेही तसेच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेट्रोचे कमाल भाडे साठ रुपयांवरून नव्वदवर गेले आणि प्रवाशांची संख्या लगेच घटल्याचे दिसले.

भाड्याचा प्रश्न कोणाला किती झोंबतो, हे पीण्या किंवा बोम्मनहळ्ळी येथील कपड्यांच्या कारखान्यांकडे पाहिले म्हणजे कळते. तेथे प्रामुख्याने स्त्रिया काम करतात. त्यांच्यापैकी जिला स्वतःचे वाहन नाही, तिच्या दृष्टीने सकाळची बस म्हणजे हजेरी आणि संध्याकाळची बस म्हणजे घरी वाट पाहणारी मुले. बस परवडली नाही किंवा वेळेवर आली नाही, तर अधिक पगाराचे पण दूरचे काम तिला सोडून द्यावे लागते. जून २०२३ पासून कर्नाटक शासनाने साध्या बसगाड्यांतून स्त्रियांना विनामूल्य प्रवासाची सवलत दिली आणि बसमधील स्त्रियांची संख्या पुष्कळ वाढली. या सवलतीचा खर्च कोणी व किती सोसावा याविषयी मतभेद आहेत. पण वाढलेल्या गर्दीसाठी वाढीव फेऱ्या हव्यात, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही.

आगगाडीची कथा वेगळीच आहे. बंगळूरला रुळांची वाट १८६४ सालीच आली. मुंबई शहर आपल्या लोहमार्गांच्या कडेने वाढले. बंगळूरने आपले मार्ग शहरातील नित्याच्या प्रवासासाठी फारसे वापरले नाहीत. सुमारे १४८ किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेस केंद्र सरकारने २०२० साली मंजुरी दिली आणि २०२२ साली तिची पायाभरणी झाली.

या सर्व योजना एकाच प्रवाशासाठी आहेत. त्यांचे चालक मात्र निरनिराळे आहेत. बस राज्याच्या महामंडळाची, मेट्रो केंद्र व राज्य यांच्या संयुक्त कंपनीची आणि नियमन पोलिसांचे. पदपथ महापालिकेचे; तीही २०२५ साली पाच महापालिकांत विभागली गेली. बसने जाणारा प्रत्येक माणूस आधी पादचारी असतो. त्यामुळे तुटलेला पदपथ हाही बससेवेतलाच दोष ठरतो. २०१६ साली हेब्बाळकडे जाणाऱ्या पोलादी पुलासाठी शेकडो झाडे तोडण्याचा बेत नागरिकांनी मानवी साखळी करून विरोधिला आणि पुढल्या वर्षी तो सोडून देण्यात आला. अशा एकेका पुलावर वाद होतो, याचे कारण संपूर्ण शहराचा एकत्रित आराखडा कोणाच्याच हाती नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी कर्नाटक विधिमंडळाने २०२२ च्या अखेरीस महानगर भू-परिवहन प्राधिकरणाचा कायदा संमत केला. या प्राधिकरणाला स्वतंत्र निधी, तज्ज्ञ कर्मचारी आणि इतर संस्थांना बंधनकारक होईल असा निर्णय देण्याचा अधिकार मिळतो की नाही, यावर त्या कायद्याचे मोल ठरणार आहे.

नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही आपली शहरेही आज वेगाने पसरत आहेत. त्यांच्या बाहेरून वर्तुळमार्ग आखले जात आहेत आणि त्या मार्गांलगत वसाहती उभ्या राहत आहेत. वसाहत आधी आणि बस मागाहून, हा क्रम बंगळूरला किती महाग पडला हे समोर आहे. नव्या वस्तीचा नकाशा मंजूर करतानाच तिच्यातून बस कोठून जाईल, थांबा कोठे असेल आणि त्या थांब्यापर्यंत म्हातारे माणूस चालत कसे येईल, एवढे तीन प्रश्न विचारण्याची शिस्त लागली, तरी पुढचा बराच खर्च टळेल.